बाईंचा उपवास

बाईंनी जीभ दातांखाली धरली आणि नजर समोरच्या बाकाच्या पाठीवर रोवली. चर्चच्या डाव्या कोपऱ्यात सतरा माणसं उभी राहून गात होती आणि बाईंच्या कानाला ती सतराच्या सतरा चढी लागत होती. थोडंथोडकं नव्हे, चांगला अर्धा सूर. बाकाच्या पाठीवर कुणीतरी कधीकाळी नखाने एक मासा कोरला होता. बाईंनी त्याचे खवले मोजायला घेतले.

गाणं संपलं. समोर उभ्या असलेल्या सूनबाईने हात खाली घेतला आणि वळून शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

“ठीक झालं का, आई?”

“तुम्हाला काय वाटलं?”

“आम्हाला ठीक वाटलं.”

“मग झालं तर,” बाई म्हणाल्या.

गाणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतल्या निम्म्यांना बाईंनी शाळेत शिकवलं होतं आणि उरलेल्यांना इथे, याच कोपऱ्यात उभं करून गायला शिकवलं होतं. ‘मग झालं तर’ हे शब्द बाईंच्या तोंडून ऐकण्याची त्यांच्यापैकी कुणालाच सवय नव्हती. मागच्या रांगेतला बेकरीवाला, साठी उलटलेला, खर्जात गाणारा गृहस्थ, उगाचच घसा खाकरून जमिनीकडे बघू लागला.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा चौथा आठवडा चालू होता. राखेच्या बुधवारी, सगळे कपाळावर राखेचा क्रूस घेऊन बसलेले असताना, फादर म्हणाले होते की गोड सोडणं, चहा सोडणं सोपं आहे. यंदा असं काहीतरी सोडा की सोडताना जीव कासावीस होईल. बाईंनी त्यावर दोन मिनिटं विचार केला. मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, संपल्यावर गाणाऱ्या मंडळींना त्यांनी थांबवून घेतलं आणि जाहीर केलं, की ईस्टरपर्यंत त्या कुणाचीही चूक दाखवणार नाहीत. कुणीतरी हसलं आणि हसणं खोकल्यात लपवलं.

“मग आमच्या गाण्याचं कसं?” बेकरीवाल्याने विचारलं होतं.

“चूक न दाखवता मला गाणं बसवता यायचं नाही. यंदा सूनबाई बसवेल.”

सूनबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची, चार शब्दांच्या जागी एक बोलायची, आणि गाणाऱ्यांत दुसऱ्या रांगेत मधोमध उभी राहायची, जिथे कुणाचं लक्ष जात नाही. बाईंनी तिला निवडलं ते काही तिच्या गळ्यावर भाळून नव्हे. खरं सांगायचं तर बाईंचा हिशेब वेगळाच होता. तिसऱ्या आठवड्यापर्यंत गाण्याचा पुरता बोऱ्या वाजेल, मंडळी हात जोडून घरी येतील, म्हणतील, बाई, पुरे झाला तुमचा उपवास, आणि मग बाई जरा आढेवेढे घेऊन परत आपल्या जागी उभ्या राहतील. यात पाप होतं की नव्हतं, यावर बाईंनी फारसा विचार केला नव्हता.

एक मात्र कबूल करायला हवं. नेम त्यांनी नेटाने पाळला होता. मुलाने एका रविवारी हौसेने स्वयंपाक केला आणि मीठ दोनदा घातलं. बाईंनी ताट स्वच्छ केलं आणि नंतर तीन पेले पाणी प्यायल्या. फादरांनी प्रवचनात जलप्रलयाचा पाऊस चाळीस दिवसांऐवजी चाळीस वर्षं पाडला. पहिल्या बाकावर बसलेल्या बाई हूं की चूं करेनात हे पाहून फादरांनाच शंका आली आणि त्यांनी मागे जाऊन तो पाऊस थांबवला. शेजारच्यांना वाटलं बाईंची तब्येत बरी नाही. बाईंना या सगळ्याचा अभिमान वाटत होता, आणि उपवासाचा अभिमान धरू नये हे ठाऊक असूनही वाटत होता.

पण गाण्याची गोष्ट निराळी होती. त्या धर्मग्रामात, म्हणजे त्या चर्चच्या वस्तीत, जुना रिवाज होता, की राखेच्या बुधवारी पायपेटीला कुलूप लागायचं ते ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी उघडायचं. सहा आठवडे सगळं गाणं नुसत्या गळ्यांनी. साथ नाही म्हणजे पहिला सूर द्यायलाही काही नाही. तो सूर एकतीस वर्षं बाईंनी दिला होता, हवेतून काढून. इतर ठिकाणी लोक ठरावीक सुराचा लोखंडी नादकाटा वाजवतात, आता तर मोबाइलवरही सूर मिळतो. बाईंना कशाचीच गरज पडली नव्हती. त्या क्षणभर डोळे मिटायच्या, ओठ न उघडता सूर धरायच्या, आणि तो पायपेटीशी ताडून पाहिला तर तंतोतंत जुळायचा. सुरुवातीच्या वर्षांत लोकांनी मुद्दाम पैजा लावून पाहिलं होतं. पवित्र शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तीन वाजता, उघड्याबोडक्या वेदीसमोर चर्च भरलेलं असताना, त्या शांततेत बाईंनी दिलेला सूर ही त्या धर्मग्रामाची शान होती. दुसऱ्या गावांतून माणसं ऐकायला यायची.

आणि आता सूनबाई गुडघ्यावर नादकाटा आपटून कानाशी धरायची आणि सूर द्यायची. काठी टेकत चालल्यासारखं ते बाईंना वाटायचं. शिवाय काटा असूनही चढा. बाईंनी माशाचे खवले मोजून संपवले; एकोणतीस होते.

शनिवारी सकाळी पेटीवाला आला. पायपेटी बंद असते म्हणून तिची दुरुस्ती दरवर्षी याच दिवसांत व्हायची, आणि किल्ली बाईंकडेच असायची. त्याने झाकण काढलं, आतल्या पितळी सुरपट्ट्या एकेक करून पुसल्या आणि परत जागी बसवल्या. मग टाचांवर बसून त्याने बाईंकडे पाहिलं.

“बोला बाई. यंदा काय तक्रार आहे पेटीची?”

“काही नाही. तुमचं चालू द्या.”

“चढली आहे म्हणाला नाहीत अजून.”

“म्हणणार पण नाही.”

दोन वर्षं बाई त्याच्या डोक्यावर उभ्या राहून सांगत आल्या होत्या, की पेटी चढली आहे, खाली आणा. यंदा नुसत्या खुर्ची ओढून बसल्या आहेत म्हटल्यावर त्याला चैन पडेना.

“बाई, तुम्ही काही बोलत नाही म्हणून मीच सांगून टाकतो,” तो म्हणाला. “मागच्या दोन्ही वेळी मी पेटी खाली आणली नव्हती. काट्याला बरोबर होती. तुम्हाला ‘हो, बघतो’ म्हणालो, पट्ट्या पुसल्या आणि परत बसवल्या. राग मानू नका.”

एरवी बाईंनी त्याला तिथल्या तिथे फैलावर घेतलं असतं. काटा कुठून आणलात, कुणाकडून तपासून घेतलात, कान साफ आहेत का, इथपर्यंत मजल गेली असती. पण नेम होता. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि फक्त म्हणाल्या, “दाखवा बरं कसं ते.”

त्याने नादकाटा आपटला आणि त्याचा दांडा पेटीच्या लाकडावर टेकवला. लाकूड गुणगुणू लागलं. मग त्याने एका पायाने भाता मारत पांढरी सहा, म्हणजे सहावी पांढरी पट्टी, दाबली. काट्याचा सूर आणि पेटीचा सूर एकमेकांत मिसळले. दोन सूर केसभर जरी वेगळे असले तरी त्यांच्या मधे एक थरथर उठते; ती थरथर ओळखायला बाईंनी तीन पिढ्यांना शिकवलं होतं. बाईंनी मान पुढे करून ऐकलं. थरथर नव्हती. पाण्यात पाणी मिसळावं तसे दोन्ही सूर एक झाले होते, आणि दोन्ही बाईंना चढे लागत होते.

“पुन्हा एकदा,” त्या म्हणाल्या.

त्याने पुन्हा वाजवून दाखवलं. बाईंनी हात पुढे केला.

“काटा द्या इकडे. आणि बाहेर जाऊन चहा घेऊन या.”

तो गेल्यावर बाईंनी डोळे मिटले आणि एकतीस वर्षं धरत आल्या होत्या तशी पांढरी सहा धरली. सूर गळ्यात नीट बसला, कुठेही हलला नाही. तो तसाच धरून त्यांनी काटा खुर्चीच्या हातावर आपटला आणि कानाशी नेला. दोन सूर एकमेकांवर दातओठ खात आदळले. बाईंनी सूर सोडला नाही. तोच धरून त्या पायपेटीपाशी गेल्या, भाता मारला आणि खालची एकेक पट्टी शोधत गेल्या. त्यांची पांढरी सहा काळी चारवर जाऊन बसली. बरोबर अर्धा सूर खाली. ना कमी, ना जास्त.

काट्याचं लोखंड काही दोन वर्षांत चढत नाही. पेटी चढली असती तर काट्याशी भांडली असती. सतरा माणसं आणि सूनबाई चढी असती तर... उतरला होता तो बाईंचा स्वतःचा कान. बाई पुन्हा खुर्चीत बसल्या. त्यांना पहिल्यांदा संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे समजेना. मग दुसरा विचार आला आणि त्याने संताप पार विझवून टाकला. मागच्या पवित्र शुक्रवारीही सूर त्यांनीच दिला होता. त्याच्या आधीच्याही.

पेटीवाला चहा घेऊन आला तेव्हा बाईंनी त्याला काटा परत दिला.

“बरोबर आहे तुमचं,” त्या म्हणाल्या.

पेटीवाल्याने हातातला कप पेटीवरच ठेवून दिला. तेरा वर्षांत बाईंनी त्याला असं म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती.

दुपारी त्या बेकरीत गेल्या. सकाळची गर्दी सरली होती. बेकरीवाला संध्याकाळच्या पावांसाठी कणीक मळत होता, कोपरापर्यंत पीठ लागलेलं होतं. बाईंना पाहून त्याने हात झटकले आणि स्टूल पुढे सरकवलं. बाई बसल्या नाहीत.

“मागच्या वर्षी शुक्रवारी किती खाली होतं?” त्यांनी विचारलं.

बेकरीवाल्याने कशाबद्दल असं विचारलं नाही. त्याने कणकेवर ओलं फडकं टाकलं, त्याच्या कडा नीट केल्या, आणि मग म्हणाला, “होतं जरा.”

“अर्धा सूर.”

“असेल.”

“तुमची शेवटची ओळ तशीच तळाशी आहे. त्याच्याही खाली अर्धा सूर कसा गाठलात?”

“गाठला कुठला. नुसता वारा निघाला. तुम्ही म्हणालात, घसा बसलाय, काढा घ्या. घेतला आठ दिवस. फार कडू होता.”

बाईंना हसू आलं नाही. त्यांना आठवलं, मागच्या वर्षी उपासनेनंतर फादर म्हणाले होते की यंदाचं गाणं फार गंभीर झालं, काळजात खोल गेलं. बाईंनी ती स्तुती मान झुकवून घेतली होती आणि आठवडाभर मिरवली होती.

“मला का सांगितलं नाहीत?”

“तुम्ही सूर दिलात,” बेकरीवाला म्हणाला. “आम्ही घेतला.”

एवढं बोलून तो पुन्हा कणकेकडे वळला. मग पाठ फिरवूनच म्हणाला, “तसं दोन वर्षांपूर्वी पहिल्याच सरावाला सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. बायकांचं म्हणणं होतं की तुम्हाला सांगावं. तेव्हा तुमच्या सुनेने आम्हाला इथे बोलावलं, दुकान बंद करून. म्हणाली, आई देतील तोच सूर. काय सांभाळून घ्यायचं ते आपल्या गळ्यात घ्यायचं. एरवी तोंडातून शब्द निघत नाही तिच्या. त्या दिवशी निघाला.”

बाईंनी स्टूल ओढलं आणि बसल्या. मग त्या म्हणाल्या, “मी येऊन गेले हे तिला कळता कामा नये.”

“पाव घेऊन जा मग. काहीतरी कारण हवं ना.”

बाई पाव घेऊन घरी आल्या. सूनबाईला सगळं सांगून टाकावं असं त्यांना त्या संध्याकाळी वाटलं, दुसऱ्या दिवशीही वाटलं. ती भाजी चिरत असताना त्या दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि पाणी पिऊन परत आल्या. चुका दुसऱ्यांच्या असल्या की बाईंच्या जिभेवर आपसूक यायच्या; स्वतःची एक चूक सांगायला तीच जीभ उचलेना. चूक न दाखवण्याचा नेम आहे, तो स्वतःलाही लागू असेल, अशी एक पळवाटही त्यांनी शोधून पाहिली. ती त्यांना स्वतःलाच पटली नाही.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मिस्सा संपल्यावर गाणारी मंडळी बाईंभोवती गोळा झाली. हातांत झावळ्या तशाच होत्या. बाईंनी ज्या घटकेची तीन आठवड्यांपूर्वी वाट पाहिली होती ती आत्ता, भलत्याच वेळी, येऊन उभी राहिली.

“बाई, शुक्रवारचा सूर तुम्हीच द्या,” पहिल्या रांगेतली शिंपीण म्हणाली. “सूनबाई छान करते, तसं काही नाही. पण शुक्रवार म्हणजे तुम्ही. तुम्ही बाकावर बसलेल्या आम्हाला बघवत नाही.”

“दरवर्षी येणारे लोक काय म्हणतील?” दुसरं कुणीतरी म्हणालं.

“आई, द्या ना,” सूनबाई म्हणाली.

बाईंनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सगळ्यांना ठाऊक होतं. त्या अर्धा सूर खाली देतील, बेकरीवाल्याचा पुन्हा वारा निघेल, शिंपिणीला तिची उंच जागा बसकी लागेल, आणि तरीही ते झावळ्या हातात घेऊन विनवत होते, आणि मनापासून विनवत होते. बाईंची छाती भरून आली. एकतीस वर्षांत आपण काय उभं केलं ते त्यांना त्या घटकेला दिसलं, आणि त्याचा अभिमान आवरणं त्यांना जमलं नाही. आवरायचा प्रयत्नही त्यांनी फारसा केला नाही.

“नाही,” त्या म्हणाल्या. “यंदा नाही.”

“का पण?”

“माझा उपवास आहे.”

बेकरीवाला झावळीचं टोक सोलत उभा होता. त्याने मान वर केली नाही.

सूनबाईने मात्र त्याचा वेगळाच अर्थ घेतला. बुधवारी संध्याकाळी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना ती एकाएकी म्हणाली, “आमचं गाणं तुम्हाला आवडत नाही ना, आई?”

“मी काही बोलले का?”

“बोलला नाहीत. पण सरावाला तुमचा चेहरा दिसतो मला. पहिला सूर दिला रे दिला, की तुम्ही कुठेतरी टोचल्यासारख्या होता.”

“नेम तोंडाचा धरला होता. चेहऱ्याचा राहून गेला.”

सूनबाई किंचित हसली. हातातल्या चादरीची घडी तिने मोडली आणि पुन्हा घातली.

“एकतीस वर्षं तुम्ही उभ्या होतात. यंदा पहिल्यांदा बसून ऐकणार,” ती म्हणाली. “शुक्रवारी तुम्हाला बरं वाटेल असं गाऊ आम्ही.”

“गा की,” बाई म्हणाल्या. बोलायची वेळ खरं तर हीच होती. त्यांनी उशीचा अभ्रा उचलला, त्याची घडी घातली, आणि ती वेळ निघून गेली.

शुक्रवारी अडीच वाजताच चर्च भरलं. मागे उभं राहायलाही जागा उरली नव्हती. वेदीवर कापड नव्हतं, मेणबत्त्या नव्हत्या, फुलं नव्हती. क्रूसावर जांभळं आच्छादन होतं. घंटा झाली नाही. फादर आत आले आणि वेदीसमोर फरशीवर पालथे पडले, आणि सगळे जण गुडघ्यांवर बसले. चारशे माणसं इतकी गप्प होती की बाहेरच्या सायकलची चेन ऐकू येत होती. बाई पहिल्या बाकावर, गाणाऱ्यांच्या अगदी समोर होत्या. सूनबाईने पांढरं पोलकं घातलं होतं आणि तिचे हात शांत होते.

वाचनं झाली, प्रार्थना झाल्या. क्रूसावरचं आच्छादन उतरलं. लोक उठून उभे राहिले आणि क्रूसाला नमन करायला रांग लागू लागली. आता पहिला सूर द्यायचा. आता पांढरी सहा. बाईंच्या मनात ती आपोआप उभी राहिली, त्यांच्या कानातली, खालची. त्यांनी तिला बाजूला सारलं आणि चढा सूर ऐकायची तयारी केली.

सूनबाईने गुडघ्यावर नादकाटा आपटला, कानाशी धरला, क्षणभर डोळे मिटले. मग ओठ न उघडता तिने सूर दिला.

तो बरोबर होता. चाळीस दिवसांत पहिल्यांदा तो बाईंच्या कानाला अगदी बरोबर लागला, जुन्या दिवसांसारखा, ठाकठीक जागेवर. बाईंचे खांदे सैल पडले. आणि पुढच्या क्षणी, तो सूर बरोबर लागला याचा अर्थ काय, हे त्यांच्या लक्षात आलं.

मागच्या रांगेत बेकरीवाल्याने हनुवटी छातीला टेकवली होती आणि तळाच्या त्या ओळीसाठी आत्तापासून श्वास साठवत होता. शिंपिणीने ओठ आवळले होते. सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं दिसत होतं. सूनबाईची नजर फक्त बाईंवर होती, आणि त्या नजरेत एवढंच होतं, की आता बरं वाटतंय ना.

कानाशी काटा वाजत असताना, त्याच्या नेमका अर्धा सूर खाली, चारशे माणसांसमोर, तसूभर न डळमळता सूर द्यायचा. बाईंना स्वतःला हे उमेदीच्या काळातही साधलं असतं की नाही, शंकाच होती. इतका कान या पोरीला होता आणि ती अकरा वर्षं दुसऱ्या रांगेत मधोमध उभी होती, आणि आपल्याला तो ऐकू आला नव्हता. बाईंना शेजारणीचा दंड धरून सांगावंसं वाटलं, की ही माझी सून आहे. त्यांचे डोळे भरून आले.

सूनबाईने हात उचलला. गाणाऱ्यांनी ओठ उघडले.

बाईंनी उजव्या हाताचं एक बोट छातीपाशी धरलं आणि वर केलं. बोटाच्या पेराएवढं. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ पाठ होता.

सूनबाईचा हात हवेत थांबला. ती बाईंकडे बघत राहिली. रांग हळूहळू क्रूसाकडे सरकत होती, पावलांचा आवाज येत होता, आणि फादरांनी एकदा मान वळवून पाहिलं. सूनबाईच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग तिने खालचा ओठ दातांत धरला. बाईंनी बोट खाली घेतलं नाही.

काटा पुन्हा न आपटता सूनबाईने पुन्हा सूर दिला, अर्धा वर.

बेकरीवाल्याची हनुवटी छातीवरून सुटली. बाईंच्या कानाला तो सूर साफ चढा लागला, आणि त्यांनी मान डोलावली.